घरी येणारी सेवा कशी पारखावी?

(बोरीवलीच्या साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



बाजारात मडके घेताना आपण काय करतो? टिचकी मारून पाहतो. खणखणीत वाजले तर पैसे देतो. बद्द वाजले तर परत ठेवतो. मडके फुटके निघाले तर पाणी सांडेल, एवढेच. पण घरात आई आजारी आहे आणि तिला सांभाळायला बाहेरची बाई ठेवायची आहे, तर टिचकी कुठे मारायची? आज मी याच विषयावर चार शब्द बोलणार आहे.

आपली बोरीवली १९५७ साली बृहन्मुंबईत आली. त्याआधी बाभई, वझिरा, एकसर, शिंपोली ही इथली गावेच होती. घरात माणसे पुष्कळ असत. म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले, तर सून, लेक, जाऊ आळीपाळीने पाहत. त्यात त्या बायकांची हाडे किती झिजली, हे कोणी विचारले नाही. पण घरात माणूस असे. आता मुलगा आणि सून दोघेही सकाळची लोकल पकडतात. घर दोन खोल्यांचे. आजारी माणसाजवळ बसायला कोणी नाही.

मग 'ब्युरो'चा पत्ता शोधावा लागतो. एक लहानशी खोली, एक टेबल, एक फोन आणि यादीवर पंधरा-वीस बाया. ब्युरोकडून बाई येते. बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्युटी करते. आपण तिला मावशी म्हणतो. ती आपल्या आईला आजी म्हणते. ब्युरो आपला हिस्सा घेतो. असा हा व्यवहार. तुमच्यापैकी काही जणी हेच काम करतात, हे मला ठाऊक आहे. काही जणांच्या घरी अशी बाई येत असेल. म्हणून हे बोलणे दोन्ही बाजूंसाठी आहे.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणे गेले. मी नोकरीला फोर्टात जात असे. एका ब्युरोतून आम्ही दोन मावश्या ठेवल्या. एक दिवसाची, एक रात्रीची. सकाळी आठला एक जाई, दुसरी येई. ब्युरोने एक वही दिली होती. तीत रकाने आखलेले. जेवण, औषध, लघवी, आणि दर दोन तासांनी कूस बदलली की नाही. मी रोज रात्री वही पाही. अक्षर सुरेख. एकही रकाना रिकामा नाही. मला वाटे, चला, आईची व्यवस्था छान लागली.

एका रविवारी दिवसाची मावशी आली नाही. आईला मीच पुसायला घेतले. कुशीवर वळवले आणि माझे हातच थांबले. माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली होती. आत ओली, कडेने काळी. आईला बोलता येत नव्हते. तिने नुसते डोळे मिटून घेतले.

मी वही उघडली. त्या आठवड्यातही रात्रीचे सगळे रकाने भरलेले. 'कूस बदलली, कूस बदलली.' नीट पाहिले तेव्हा कळले, रात्रीचे आणि दिवसाचे अक्षर एकच आहे.

मी रात्रीच्या मावशींवर भयंकर ओरडले. त्या काही बोलल्या नाहीत. ब्युरोला फोन केला. ते म्हणाले, "ताई, बाई बदलून देतो." दुसऱ्या दिवशी नवी बाई आली. मला वाटले, संपले प्रकरण. जखम भरायला चार महिने लागले.

पुढे एकदा बोरीवली स्टेशनच्या पुलावर त्या जुन्या मावशी भेटल्या. मी तोंड फिरवणार होते. त्याच पुढे आल्या. म्हणाल्या, "ताई, आजींची पाठ कशी आहे?" मग म्हणाल्या, "मला दुसऱ्याच रात्री लाल दिसलं होतं. सकाळच्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, ऑफिसात सांग. ऑफिसात सांगितलं. ते म्हणाले, घरच्यांना उगाच घाबरवू नकोस. मला लिहायला येत नाही. रात्रीचं पण सकाळचीच बाई लिहायची."

मी विचारले, "मग मला का नाही सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलायचात कुठं, ताई? मी यायची, तुम्ही चहाचा कप ठेवायचात नि आत जायचात. आजी जड. एकटीला वळवता येत नव्हतं. दिवसा मी कांदिवलीला एका आजोबांकडं असायची. रात्री तुमच्याकडं. बसल्या बसल्या डोळा लागायचा. खोटं कशाला बोलू?"

मंडळी, त्या दिवशी मला कळले. आईच्या पाठीवरचा लाल डाग एका माणसाने वेळेवर पाहिला होता. पण ते पाहिलेले माझ्यापर्यंत पोचले नाही. मधे वही होती, ब्युरो होता, सकाळची बाई होती आणि माझे बंद दारही होते.

म्हणून मी आज एकच गोष्ट सांगते. घरी येणारी सेवा चांगली की वाईट हे पारखायचे असेल, तर पहिला प्रश्न हा विचारा: रुग्णाजवळच्या बाईने पाहिलेले, काही करू शकणाऱ्या माणसापर्यंत त्याच दिवशी पोचते का? पोचत असेल तर चूक झाली तरी सुधारते. पोचत नसेल तर बाकीचे सगळे चांगले असूनही एक दिवस घात होतो.

आता हे पारखायचे कसे, ते पाहू.

अवेडिस डोनाबेडियन नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. जन्म बेरूतचा, काम अमेरिकेत. रुग्णसेवेचा दर्जा कसा मोजावा यावर त्यांनी १९६६ साली एक लेख लिहिला. तो आजही जगभर वाचला जातो. त्यांनी सांगितले की तीन जागी पाहा. सेवेची साधने पाहा, प्रत्यक्ष काम पाहा आणि कामाचे फळ पाहा.

आपण भाकरीचे उदाहरण घेऊ. पीठ, पाणी, तवा ही साधने. मळणे, थापणे, भाजणे हे काम. ताटात पडते ते फळ. पीठ चांगले म्हणून भाकरी चांगली होतेच असे नाही. आणि एका दिवशी भाकरी चांगली झाली म्हणजे रोज होईल असेही नाही. म्हणून तिन्ही पाहावे लागते.

पहिले, साधने. ब्युरोला विचारा, तुम्ही पाठवता ती नर्स आहे की मदतनीस? दोन्हींत फरक आहे. नर्स शिकलेली असते आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तिची नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. त्यात संकोच नाही. इंजेक्शन देणे, नाकातली नळी किंवा लघवीची नळी बदलणे, मोठ्या जखमेची मलमपट्टी, ही नर्सची कामे. अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, कपडे बदलणे, ही मदतनीस बाईची कामे. ती कामे हलकी नाहीत. तीही शिकावी लागतात. त्यासाठी आता सरकारमान्य अभ्यासक्रम निघाले आहेत. तेव्हा विचारा, या बाईंना कोणी शिकवले? किती दिवस? त्यांची ओळखपत्रे कुठे आहेत? पोलिसांकडे चौकशी झाली आहे का?

आणखी एक विचारा. बाई पाठवण्याआधी ब्युरोचे कोणी घरी येऊन रुग्णाला पाहून गेले का? आमच्याकडे कोणी आले नव्हते. आले असते तर आई जड आहे, एकटीने वळवता येणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळले असते.

दुसरे, काम. काम आपल्यासमोर चांगलेच होते. आपण नसताना काय होते, हा खरा प्रश्न आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली रुग्णसेवेवर एक पुस्तक लिहिले. घरी आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या साध्या बायकांसाठी ते लिहिले होते. त्यात त्यांनी हेच बजावले आहे. तुम्ही हजर असताना जे करता, ते तुम्ही नसतानाही होईल अशी व्यवस्था लावा. ती नसेल तर बाकी सगळी सेवा फुकट जाते. दीडशेहून अधिक वर्षे झाली. बोरीवलीच्या दोन खोल्यांतही हे तितकेच खरे आहे.

मग आपण नसताना काय झाले ते कळावे कसे? वहीने. पण वही कशी वाचावी, हे शिकावे लागते. मी वही वाचत होते, पण मला ती वाचता येत नव्हती. आता सांगते. रात्रीचे रात्रीच्याच बाईने लिहिले आहे का? त्या त्या वेळेला लिहिले आहे, की सकाळी एका दमात? आणि मुख्य म्हणजे, वहीत कधी वाईट बातमी आहे का? 'आजींनी अर्धेच जेवण घेतले.' 'औषध ओकून पडले.' 'पहाटे डोळा लागला, चारची कूस राहिली.' अशी वाक्ये असतील तर ती वही खरी समजा. महिनाभर सगळे छानच चालले आहे असे सांगणारी वही दिसली, तर सावध व्हा. आजारी माणसाचा महिना असा कधी जात नाही.

बाईंना लिहिता येत नसेल तर? तर खुणा ठरवा. कागदावर घड्याळाची चित्रे काढा. डावी कूस, उजवी कूस, पाठ, अशा तीन खुणा. बाईंनी त्या त्या घड्याळाखाली खूण करावी. किंवा मोबाइलवर आपल्या आवाजात दोन वाक्ये बोलून पाठवावीत. साधन कोणतेही चालेल. पण पाहिले जिने, सांगणारीही तीच हवी.

बाई बदलते ती वेळ फार जपावी. सकाळी एक जाते, एक येते. दोघींनी पाच-दहा मिनिटे रुग्णाजवळ उभे राहून बोलावे. काय खाल्ले, काय राहिले, काय नवीन दिसले. शक्य असेल तर घरच्यांनी तिथे असावे. आणि बाई आली नाही तर बदली कोण येणार, हे आधीच ठरवून घ्यावे. नवखी बदली बाई दारात आणून सोडणे, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

तिसरे, फळ. ते रुग्णाच्या अंगावर दिसते. आठवड्यातून एकदा तरी घरच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी सगळे अंग पाहावे. माकडहाड, टाचा, खुबे, खांदे, डोक्याची मागची बाजू. एका जागी फार वेळ दाब पडला की तिथे रक्त पोचत नाही. कातडी मरू लागते. यालाच बेडसोर म्हणतात.

तो सुरुवातीलाच ओळखता येतो. लाल डागावर बोट थोडा वेळ दाबून धरा आणि उचला. डाग पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर अजून वेळ गेलेली नाही. लाल तसाच राहिला, तर कातडीला इजा सुरू झाली आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही. तिथे रंग गडद झाला आहे का, जागा गरम किंवा टणक लागते का, हे पाहा. तो डाग चोळू नका. चोळल्याने नुकसान होते. रुग्णाला ओढू नका, चादरीने दोघांनी उचलून सरकवा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. कोणाला किती वेळाने, ते डॉक्टरांना विचारावे.

तोंड स्वच्छ आहे का? नखे कापलेली आहेत का? कपडे सैल होऊ लागले का? म्हणजे वजन घटते आहे का? लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली आहे ना? भरवताना माणसाला उठवून बसवतात ना, आणि जेवणानंतर अर्धा तास बसते ठेवतात ना? आडवे पाडून भरवले तर घास श्वासात जातो. आणि रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहा. बाई जवळ आली की ते माणूस अंग चोरते का, की त्याला हायसे वाटते? बोलता न येणारे माणूसही हे सांगते.

आता एक शंका येईल. सेवा चांगली असूनही माणूस खंगत गेले तर? होय, तसे होते. वय झालेले, दुखणे मोठे असलेले माणूस उत्तम सेवेतही खालावते. म्हणून नुसते फळ पाहून बाईवर किंवा ब्युरोवर आळ घेऊ नये. काम कसे झाले तेही पाहावे. तिन्ही जागी पाहावे म्हणतात ते यासाठीच.

लहान सेवेबद्दल आणखी एक सांगते. मोठे रुग्णालय शेकडो रुग्णांचे हिशेब मांडते, टक्के काढते. आठ घरांची सेवा चालवणाऱ्याने टक्के काय काढायचे? त्याने प्रत्येक घटना लिहावी. एक आजोबा पडले, एक औषध चुकले, एक जखम झाली. का झाली, पुढे काय करायचे, ते लिहावे. लहान सेवेचा मोठा गुण हा की मालक स्वतः प्रत्येक घरी जाऊ शकतो. तो जातो का, हे विचारा. पहिली तक्रार केल्यावर तो काय करतो, तेही पाहा. 'बाई बदलून देतो' हे उत्तर ऐकून मी गप्प बसले. ते उत्तर नव्हते. बाई बदलली. कारण तसेच राहिले.

पुढचा प्रश्न आपल्याला आवडत नाही. बाईंना काय मिळते? आपण देतो त्यातले त्यांच्या हाती किती पडते? आठवड्याची सुटी आहे का? चोवीस तासांची ड्युटी असेल तर त्या झोपतात कधी? त्यांना जेवायला, पाठ टेकायला जागा आहे का? दिवसा एका घरी आणि रात्री दुसऱ्या घरी काम करणाऱ्या बाईकडून दर दोन तासांनी जागे होण्याची अपेक्षा आपण करतो. मग वही खोटी होणारच. स्वस्तात मिळाली म्हणून आपण खूश होतो. ती स्वस्ताई शेवटी आजारी माणसाच्या पाठीवर उमटते. आणि बाईंशी रोज दोन शब्द बोलावे. "आज काय दिसलं, मावशी?" एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. रमाबाई रानडे लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या सासरी लिहायला-वाचायला शिकल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, त्यात त्या प्रमुख होत्या. तिथे मोठ्या वयाच्या बायकांना अक्षरे शिकवत, आणि विधवा व गरजू बायकांना नर्सचे शिक्षण मिळावे म्हणूनही खटपट होई. अक्षर आणि सेवा या दोन गोष्टी तेव्हाच जोडल्या गेल्या. आपल्या या वर्गातही मला तेच दिसते. ज्या बाईला चार ओळी लिहिता येतात, तिचे पाहिलेले वाया जात नाही. तिच्यावर खोटा आळही घेता येत नाही. ती म्हणू शकते, 'हे पाहा, मी मंगळवारी रात्री लिहिले आहे.'

काही क्रमांक लिहून घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. वृद्धांच्या अडचणीसाठी, त्यांना कोणी त्रास देत असेल तर, १४५६७. पैसे घेऊन सेवा नीट न देणाऱ्याविरुद्ध ग्राहकांसाठी १९१५. हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत. रुग्णाच्या डॉक्टरांचा क्रमांकही त्यांच्या शेजारी लावावा.

आणि आजचा अभ्यास. घरी जाऊन एका कागदावर चार रकाने आखा. वेळ. काय केले. काय दिसले. कोणाला सांगितले. पहिले तीन रकाने पुष्कळ वह्यांत असतात. चौथा आमच्या वहीत नव्हता. तो असता तर माझ्या आईचे चार महिन्यांचे हाल वाचले असते.

त्या मावशींची मी पुलावरच माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राहू द्या ताई, उशीर झाला, ड्युटी आहे." आणि गर्दीत निघून गेल्या. त्यांचा पत्ता मी विचारला नाही, ही माझी दुसरी चूक. तुमच्यापैकी कोणी त्यांना ओळखत असेल, तर त्यांना सांगा, आजींची पाठ बरी झाली होती.